समुद्राकाठचा मांडव

“पण पानं कुठं आहेत, मामा?” मी विचारलं.

“छाटणीनंतरचा फोटो असंल,” मामा म्हणाले. “खरड छाटणी झाल्यावर आपल्या बागंत तरी कुटं पान दिसतंय? हितं बघ. हे रोवलेले डांब. ह्या ओढलेल्या तारा. ओळी बघ, कशा सुतात हाईत. मांडव हाय ह्यो, द्राक्षाचा.”

कॉम्प्युटरच्या पडद्यावर उपग्रहानं वरून टिपलेला समुद्रकिनारा होता. निळं पाणी, त्याला पांढरी कड, मग वाळूचा पट्टा, आणि त्या वाळूवर फणी फिरवल्यासारख्या बारीक सरळ रेघा. रेघांच्या शेजारी एक लाल कौलांचं घर. मी आणखी जवळ गेले, तसं सगळंच धूसर झालं.

“मागं हो जरा,” मामा म्हणाले. “एवढं जवळ गेलं की बांधसुदीक दिसंना.”

मामा म्हणजे माझे सासरे, चन्नाप्पा कोरे. आमच्या भागात सुना सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याची शेड. कॉम्प्युटर घेतला होता माझ्या नवऱ्यानं, वीरेशनं, हवामान बघायला आणि औषध फवारणीच्या तारखा लिहून ठेवायला. मामा त्या यंत्राकडे वर्षभर वळूनही बघत नव्हते. आणि त्या वर्षी दसरा झाला, तसे एके दुपारी माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “गिरिजा, ह्यात समुद्र दिसतो का?”

दिसतो म्हटलं.

“मग दाव. मला समुद्राकाठी जागा घ्यायची हाय.”

ज्यांनी पाण्यासाठी बोअर मारण्यातच आयुष्य घालवलं, त्यांना समुद्र कशाला हवा, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारपणाची हौस आहे, चार दिवसांत फिटेल. ती हिवाळाभर फिटली नाही. रोज दुपारी जेवणं झाली की मी आणि मामा समुद्रकाठानं फिरायला निघायचो. खालून, वेंगुर्ल्यापासून सुरुवात केली आणि तालुक्यामागून तालुका वर सरकत राहिलो. मामा जागा बघायचे ते बाजारात बैल बघितल्यासारखी. ही उताराची, ही खडकाळ, इथं वारा अडेल. एका ठिकाणी ओळीनं हॉटेलं लागली आणि प्रत्येकाच्या मागे पोहण्याचा निळा तलाव. मामा कितीतरी वेळ बघत राहिले. “दारात एवढा समुद्र असताना ह्या लोकांनी हौद कशाला बांधलेत?” त्यांनी विचारलं, आणि ती सगळी हॉटेलं एका वाक्यात बाद केली.

खाडी आली की पंचाईतच व्हायची.

“थांब,” मामा म्हणायचे. “हितं पूल न्हाई. पलीकडं कसं जाणार?”

“मामा, आपण वरून चाललोय.”

“तरी पर. पूल हुडक.”

मग मी मुकाट्यानं खाडीच्या आत आत जायची, पूल शोधायची, पलीकडच्या काठानं परत समुद्रावर यायची. आत्या सोप्यात शेंगा निवडत हे ऐकायच्या आणि कपाळावर हात मारायच्या.

खरं तर आत्यांना हसू येत नव्हतं. मामांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं की जागा मिळाली की ते तिकडे राहायला जाणार, कायमचे. “तुला यायचं तर ये. न्हाईतर मी एकटा ऱ्हाईन. भाकरी थापाय येतीया मला.” आत्या म्हणाल्या, “खुशाल जावा. माझी म्हस कोण बघणार?” आणि बोलणं तिथंच थांबलं. पण मामांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा भावकीत भांडण झालं तेव्हा तंबाखू सोडतो म्हणाले, तर पुन्हा चिमूटभर तोंडात टाकली नाही. भांडण मिटलं, भाऊ घरी जेवून गेले, तंबाखू सुटली ती सुटलीच. म्हणजे मामा जाणार होते, फक्त जागा सापडायची बाकी होती.

एका संध्याकाळी गोठ्यात आत्यांनी मला गाठलं. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “गिरिजा, ती जागा सापडूच दिऊ नको गं.”

“मी काय करू आत्या? ते स्वतः बघतात.”

“माझं सगळं ह्या गावात हाय. म्हस सोड, म्हस इकता येती. देऊळ हाय, भजनाच्या बाया हाईत, तुम्ही हाईसा. तिकडं मी कुणासंगं बोलू? आन् हितं एकटी ऱ्हायली तर...” त्या थांबल्या. “त्यांच्याबिगर मला घास जात न्हाई. त्यांना सांगू नको हे. डोक्यावर बसतील.”

मला त्यांची फार दया आली. पण त्याच आठवड्यात मामांना मांडव दिसला.

आणि मांडव दिसल्यावर मामांचा चेहराच पालटला. इतके दिवस ते जागा शोधत होते, आता त्यांना माणूस सापडला होता. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात द्राक्ष करणारा माणूस. “गडी हिकमती असणार,” ते रात्री जेवताना वीरेशला सांगत होते. “जंगली खुंटावर कलम केलं असणार त्यानं. त्या खुंटाला खारं चालतंय. ओळी बघ की, उत्तर-दक्षिण धरल्यात. आन् बेदाणा करायचा तर वारा फुकटात.”

“रायगड जिल्ह्यात द्राक्ष कधी ऐकलं नाही, आबा,” वीरेश म्हणाला.

“आपल्या गावात तरी माझ्या आदी कुणी ऐकलं हुतं?”

खोटं नव्हतं ते. गावातली पहिली बाग मामांचीच. वीरेशचा जन्म झाला त्या वर्षी लावलेली. तीच बाग आता म्हातारी झाली होती, घड बारीक पडत होते, आणि दसऱ्याला वीरेशनं घाबरत घाबरत विषय काढला होता की या हंगामानंतर जुनी बाग काढू आणि नवी जात लावू. आम्हाला वाटलं होतं, घरात महाभारत होईल. मामा “काढ” म्हणाले, चहा प्याले आणि उठून गेले. एका शब्दात विषय मिटला.

त्या लाल कौलांच्या घराची जाहिरात मला इंटरनेटवरच सापडली. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, चिऱ्याचं घर, गोडं पाणी, शांत परिसर. एजंटला फोन लावला आणि मामांच्या हातात दिला.

“शेजारी मांडव हाईत न्हवं?” मामांनी पहिला प्रश्न हा विचारला.

“आहेत ना काका. बरेच मांडव आहेत.”

“माणसं कशी हाईत?”

“एकदम कष्टाळू. पहाटेपासून मांडवातच असतात.”

मामांनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या तोंडावर पोरीचं लग्न जमल्यासारखं समाधान होतं.

एप्रिलमध्ये बेदाणा शेडमधून उतरला, तसा वीरेशच म्हणाला, “गिरिजा, तू घेऊन जा त्यांना. गाडी ने. इकडचं मी बघतो. चांगलं चार दिवस राहून या, घाई करू नका.” मला नवऱ्याचं कौतुक वाटलं. आत्यांनीही अचानक लुगडी पिशवीत भरली. मी विचारलं, तर म्हणाल्या, “माणूस कुठल्या मुलखात चाललाय ते बघून तर ठेवते.”

घाट उतरून महाडला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राच्या वाटेला लागलो. मामा पुढच्या सीटवर बसून मला रस्ता सांगत होते, कारण हा सगळा भाग त्यांनी वरून पाहिलेला होता. “आता डाव्या अंगाला देऊळ यील,” म्हणायचे, आणि देऊळ यायचं. “आता पूल.” पूल यायचा. जन्मात पहिल्यांदा त्या रस्त्यावर आलेला माणूस, पण ऐट अशी की जणू त्यांची आजोळची वाट. मला गंमत वाटत होती. मागे आत्या मात्र लुगड्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

शेवटच्या वळणाच्या आधी वास आला.

आधी मला वाटलं, गाडीत काही तरी नासलं. आत्यांनी पदर नाकाला लावला. आमच्या घरात, म्हणजे घराण्यातच, मासळी कधी शिरलेली नाही. गळ्यात लिंग, शेजारी मठ. बाजारात मासळीच्या गल्लीत जायची वेळ आली तर आम्ही वळसा घालतो. त्यामुळे तो वास कशाचा, हे ओळखायला आम्हाला उशीर लागला.

“खारा वारा हाय,” मामा ठासून म्हणाले. “समुद्राला असा वास असतुया.”

वळण घेतलं आणि मांडव दिसले. फोटोत दिसले होते तसेच, उत्तर-दक्षिण, सुतात. बांबू रोवलेले, त्यांच्यावर आडव्या दोऱ्या ओढलेल्या, एकीखाली एक. आणि प्रत्येक दोरीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोंबील. हजारो बोंबील. काही ओले, गुलाबी, काही वाळून कडक झालेले, आणि सगळे वाऱ्यावर एका तालात हलत होते.

मी गाडी बंद केली.

“मामा,” मी म्हटलं, “पानं खरंच नाहीत.”

आत्या मागे हसायला लागल्या. पदर नाकावर, डोळ्यांतून पाणी, सगळं अंग हलतंय. हिवाळाभर दाबून ठेवलेली धास्ती हसू होऊन बाहेर पडत होती. मला आवरेना, मीही हसले. मामा समोर बघत बसले होते. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, नाकातोंडाला गच्च बांधलं, आणि दार उघडून सरळ मांडवाकडे चालायला लागले.

“अवं, कुटं चालला?” आत्या ओरडल्या.

“एवढ्या लांब आलोय,” उपरण्यातून आवाज आला. “बघून तरी यितो.”

मांडवाखाली एक बाई टोपलीतून ओले बोंबील काढून दोरीवर टाकत होती. काष्टी नेसलेली, वयानं आत्यांच्याएवढी. चांगुणाबाय तिचं नाव, ते नंतर कळलं. तोंड बांधलेला म्हातारा आपल्याकडे येतोय हे बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“काय वो दादा, चोरी करायला आलाव का काय?”

मामांनी उपरणं जरा खाली घेतलं. “द्राक्षबाग बघाय आलो हुतो.”

“कंची बाग?”

मग मी पुढे होऊन सगळं सांगितलं. उपग्रह, फोटो, सरळ रेघा, खरड छाटणी. चांगुणाबाय ऐकता ऐकता खाली वाळूत बसली आणि इतकी हसली की तिच्या टोपलीवर कावळा बसला तरी तिला कळलं नाही. “म्हंजे माजे बोंबील वरशी द्राक्षा दिसतान?” ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मग डोळे पुसून म्हणाली, “बसा. पानी देते. वास येतो ना? सवय नाय तुमाला.”

“येतो जरा,” मामा सभ्यपणे म्हणाले.

“तुमचे द्राक्षांना नाय येत वास?”

“छ्या.”

“छ्या काय,” आत्या मागून येऊन म्हणाल्या. पदर अजून नाकावर होता, पण कुतूहल वासापेक्षा मोठं झालं होतं. “बेदाण्याला गंधकाची धुरी देता तवा सगळी आळी खोकती. ते न्हाई सांगत.”

झालं, दोघी बायकांचं जमलं. आत्या मांडवाजवळ गेल्या, हात मागे बांधून, कशालाही न शिवता बघायला लागल्या. “हे असं दोन-दोन का अडकवल्यात?” त्यांनी विचारलं. बघितलं तर खरंच, एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेला, आणि मग ती जोडी दोरीवर टाकलेली, एक या बाजूला, एक त्या बाजूला.

“एकटा दोरीवर रवत नाय, बाय,” चांगुणाबाय म्हणाली. “वारा आला की खाली परतो. जोरी लागतं.”

आत्यांनी मान वळवून मामांकडे बघितलं. “ऐकलं का?”

“मी कुटं काय म्हणालो?” मामा म्हणाले आणि घाईघाईनं दुसरीकडे बघायला लागले.

दुसरीकडे बघितलं आणि तिथंच अडकले. मांडवाचा कोपऱ्याचा बांबू आत झुकला होता. सगळ्या दोऱ्यांचं, सगळ्या ओल्या बोंबलांचं वजन त्याच्यावर येत होतं, आणि तो बिचारा वाकून उभा होता. मामांनी तो हलवून बघितला. मग पुढचा कोपरा बघितला. तोही झुकलेला.

“ह्याला बाहेरनं ताण न्हाई दिला?” त्यांनी विचारलं.

“कसला ताण? असाच असतो तो.”

“असाच असतो कसा? ओझं आत वढतंय, तर बाहेरनं वढाय कुणीतरी पायजे. न्हाईतर एक दिवस मांडव बसंल खाली. पहार हाय का घरात?”

“मामा,” मी म्हटलं, “आपण जागा बघायला आलोय. तो एजंट येईल आता.”

“यिऊ दे की.”

पहार आली. मामांनी कोपऱ्यापासून चार पावलं बाहेर खड्डा घेतला, त्यात मोठा धोंडा टाकला, दोरी बांधून बांबूच्या शेंड्याला ताण दिला. आमच्या बागेत प्रत्येक कोपऱ्याला असाच दगड पुरलेला आहे. इथं मात्र त्यांनी दोरी ओढली आणि धोंडा वाळूतून बटाट्यासारखा वर आला. चांगुणाबाय हेच बघायला उभी होती. “रेतीन धोंडा नाय धरत, दादा,” ती म्हणाली. “थांबा.” घरातून तिनं एक फाटकं जाळं आणलं, त्यात वाळू भरून भलं मोठं गाठोडं केलं आणि खड्ड्यात आडवं ठेवून वर पाय देऊन दाबलं. “आता वढा.” मामांनी ओढलं. गाठोडं जागचं हललं नाही. बांबू करकरत सरळ झाला आणि सगळ्या दोऱ्या एकदम ताठ झाल्या. बोंबीलसुद्धा सावध झाल्यासारखे दिसले.

मामा मागे सरकून बघत राहिले. उपरणं गळ्यात कधी आलं होतं, त्यांना पत्ता नव्हता. मी त्यांना वर्षभरात असं बघितलं नव्हतं. घामानं भिजलेले, हाताला दोरीचे वळ, आणि तोंडावर असं काही की मला एकदम भरून आलं. घरी वीरेश त्यांना काही करू देत नसे. काळजीपोटीच, पण देत नसे. “आबा, तुम्ही बसा,” एवढंच.

दुसरा कोपरा झाला. तिसरा झाला. मग आत्यांनी दटावून त्यांना पाणी प्यायला बसवलं. चांगुणाबाय सरळ झालेल्या दोऱ्यांवरून हात फिरवत होती.

“झकास झालंय,” ती म्हणाली. “पन मिरगाचे आधी सगला उतरवायचाच हाय.”

“उतरवायचा?” मामांनी भांडं खाली ठेवलं.

“मंग? पावसान कुजून नाय जानार? बांबू घरान, दोऱ्या माल्यावर. नारली पुनव झाली का परत उभा करायचा.”

“उतरवतं कोण?”

“मीच. पोरं म्हनतात आम्ही उतरवतो, तर त्यांना हात लावाला देत नाय. ते कोयता घेतात आनि दोऱ्या तोरून टाकतात. गाठ सोरवाला त्यांना टाइम नसतो. मी एकेक गाठ सोरवते.” तिनं सहज वर बघितलं. “माजे हातानं बांदलेला हाय ना. माजेच हातानं उतरला पायजे.”

“जिवाला लागत न्हाई?”

“लागतो की थोरा. पन मी करते तवा कमी लागतो.”

मामा वाळूत बोटानं रेघा मारत बसले. आत्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. मग मामा म्हणाले, “गिरिजा, वीरेशला फोन लाव. मोठ्यानं ऐकू यील असा.”

मी लावला.

“वीरेश,” मामा म्हणाले, “ट्रॅक्टर कवा सांगितलायस?”

मला काही कळेना. कसला ट्रॅक्टर?

“उद्या सकाळी,” वीरेश म्हणाला. “तुम्हाला कुणी सांगितलं आबा?”

“सांगाय कशाला पायजे? एप्रिल हाय. आन् चार दिवस ऱ्हावा, घाई करू नका म्हणालास, तवाच वळखलं. बाग काढाय घेतलीस तू.”

“तुमच्या डोळ्यांदेखत नको वाटलं, आबा. म्हटलं, तुम्ही यायच्या आत सगळं सपाट करावं. एकदाच बघाल.”

“आन् मला तुझ्या डोळ्यांदेखत नको वाटत हुतं,” मामा म्हणाले. “बाप रडतुया बघून तू बाग ठिवली असतीस. मला ठावं हाय तू कसा हाईस. बाग ठिवून तोट्यात गेला असतास. म्हणून म्हटलं, आपणच लांब जावं. परत दिसणार न्हाई एवढं लांब.”

“म्हणून समुद्र?” आत्या म्हणाल्या. त्यांचा पदर नाकावरून केव्हाच गळाला होता.

“मग दुसरं काय? समुद्राशी माझं काय देणंघेणं? मला पवायसुदीक येत न्हाई. सगळ्यात लांब काय, तर समुद्र. त्याच्या म्होरं रस्ताच न्हाई.”

आत्या त्यांच्याशेजारी वाळूत बसल्या. “एवढं हुतं तर माझ्यापाशी बोलायचं न्हाई व्हय? मी काय परकी हाय?”

“तुझ्यापाशी बोललो असतो तर तितंच रडाय आलं असतं,” मामा म्हणाले, आणि फोनमध्ये आवाज चढवला. “वीरेश, ट्रॅक्टर परत लावून दे. तारा सोडवल्याबिगर कुणी बागंत पाऊल घालायचं न्हाई. वरनं ट्रॅक्टर घातलास तर डांब मोडतील, तारांचं जाळं हुईल. सगळा मांडव मी उतरवणार. गाठ अन् गाठ सोडवून.”

“या आबा,” वीरेश म्हणाला. “लवकर या. मला एकट्याला ते जमायचं नव्हतं. आठवडाभर रोज सकाळी बागेत जातो आणि तसाच परत येतो.”

मला वीरेशचा राग आला, मामांचा राग आला, आणि दोघांवर इतकी माया दाटून आली की मी उठून मांडवापलीकडे जाऊन उभी राहिले. हा त्याला जपत होता, तो ह्याला जपत होता, आणि यांच्या जपाजपीत मी बिचारी वेंगुर्ल्यापासून एकेका खाडीवर पूल हुडकत वर आले होते.

निघालो तेव्हा एजंट मोटारसायकलवरून घाईघाईनं आला. “काका, घर तर बघा. वास काय, पावसाळ्यात अजिबात नसतो.”

“जागा झकास हाय,” मामा म्हणाले. “शेजार तर त्याहून झकास. पर आमचं घरी काम निघालंय.” चांगुणाबायनं आत्यांना नारळ दिले, मामांनी गाडीतला बेदाण्याचा डबा तिच्या ओटीत रिकामा केला. तिनं एक दाणा उचलून वास घेऊन बघितला आणि आत्यांकडे बघून डोळा मारला.

दुसऱ्या दिवशी बागेत पोचलो तेव्हा वीरेश बांधावर बसला होता. बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मामा म्हणाले, “पक्कड आण.” बस्स. मग मामा एका टोकाला आणि वीरेश दुसऱ्या टोकाला, अशी एकेक तार उतरायला लागली. मामा पीळ सोडवायचे, वीरेश भेंडोळं करायचा. मधूनच मामा ओरडायचे, “ढिली सोड, ढिली सोड, तुझ्या बानं लावलीया ती, भाड्यानं न्हाई आणली.” मधूनच एखाद्या खोडापाशी थांबायचे, त्याच्यावर हात ठेवायचे, उघड उघड रडायचे आणि उपरण्यानं नाक पुसून पुढच्या तारेला जायचे. वीरेशही रडत होता. दोघांनाही एकमेकांची लाज वाटत नव्हती.

मी आणि आत्या चहा घेऊन बांधावर उभ्या होतो. आत्यांच्या चेहऱ्यावर ऊन होतं आणि त्या कधी नव्हे इतक्या निवांत दिसत होत्या. एकदम त्यांना काहीतरी आठवलं.

“अगं बया,” त्या म्हणाल्या. “एवढ्या लांब गेलो आन् समुद्र बघायचा ऱ्हायलाच की.”

खरंच राहिला होता. मांडवाच्या पलीकडेच होता, आवाज येत होता, पण कुणी वळून बघितलंच नव्हतं.

“मग जाऊ की परत,” मामा तारेवरून मान न उचलता म्हणाले. “त्या बाईचा चौथा कोपरा अजून ढिला हाय.”